चोरी की गहाळ? पोलीस, ११२ आणि सरकारच्या सुरक्षा योजना : ग्रुपवर सारखे येणारे प्रश्न

आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेली तीन-चार वर्षं तेच तेच प्रश्न येतायत, कुणाची गाडी गेली, कुणाच्या आईला डिजिटल अरेस्टचा फोन आला, कुणाच्या गावाकडं रात्री ड्रोन फिरतायत. प्रत्येक वेळी परत टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही, पोलीस पण नाही, फेडरेशनची सेक्रेटरी आहे त्यामुळे चौकीच्या चकरा आपोआप माझ्या वाट्याला येतात. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांना फॉरवर्ड करताना डोकं वापरा.

११२ ला फोन केला की नक्की होतं काय?

पहिली गोष्ट, तो फोन आपल्या चौकीत वाजत नाही. नवी मुंबईत महापे इथं मोठं कंट्रोल सेंटर आहे, दुसरं नागपुरात, फोन तिकडं जातो. तिथला माणूस तुमची माहिती टाकतो आणि तुमच्या जवळ जी पोलिसांची गाडी असेल तिच्यातल्या स्क्रीनवर ती पाठवतो. म्हणून "अहो ते आपलं मारुतीचं देऊळ नाही का, त्याच्या मागं" असं सांगून काही उपयोग नाही, समोरच्याला तुमचा मारुती माहीत नाही. शहर किंवा तालुका, मग एरिया, मग मोठी खूण, या क्रमानं सांगा. आणि फोन ठेवल्यावर अनोळखी नंबरवरून कॉल येतो तो उचला! गाडीतले पोलीस पत्ता विचारायला करतात आणि आपले लोक स्पॅम समजून कट करतात, मग ग्रुपवर लिहितात की कोणी आलंच नाही.

फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉल लागतो. पॉवर बटण पटापट तीन किंवा पाच वेळा दाबलं की बऱ्याच फोनवरून थेट जातो, किती वेळा ते आजच सेटिंगमध्ये बघून ठेवा, वेळ आल्यावर बघणं होत नाही.

मोबाईल चोरीला गेला तर पोलीस "गहाळ" लिहून देतात, चालतं का?

ह्या प्रश्नासाठी तर मी हे सगळं लिहायला बसले.

गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवलं. त्याचा एक दाखला मिळतो, तो दाखवून नवीन सिम मिळतं आणि विषय संपतो. चोरी म्हणजे गुन्हा, त्याचा एफआयआर होतो, नंबर पडतो, तपास अधिकारी नेमला जातो. तिसरा प्रकार एनसी, म्हणजे अदखलपात्र, शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की वगैरे, ती नोंद वहीत होते पण मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. खूप लोक एनसीची पावती घेऊन "केस केली" म्हणून निवांत बसतात.

माझंच सांगते. मागच्या दिवाळीच्या आधी गर्दीच्या बसमध्ये माझ्या पर्समधून मोबाईल गेला. खाली उतरल्यावर बघितलं तर पर्सला बाजूनं ब्लेड मारलेली, चांगली चार बोटं चीर. चौकीत गेले तर अंमलदार एकदम प्रेमानं म्हणाले, "मॅडम, गहाळ लिहूया ना, सिम आजच मिळेल, चोरी लिहिलं तर उगाच कोर्टात चकरा." मी पर्स त्यांच्या टेबलावर ठेवली, त्या चिरेतून दोन बोटं बाहेर काढून दाखवली आणि म्हटलं हे गहाळ कसं झालं, पर्सला काय आपोआप भोक पडलं? ते हसले, शेजारचे हवालदारही हसले. मग मी दोन तास बाकावर, मध्ये एकदा चहापण आला, पण शेवटी गुन्हा चोरी म्हणूनच दाखल झाला. फोन अजून मिळालेला नाही, हे पण सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटेल एफआयआर केला की फोन उडत घरी येतो.

मग एवढा हट्ट कशाला? कारण गहाळ लिहिलं की तो भाग कागदावर सेफ दिसतो. त्या बस रूटवर महिन्याला तीस मोबाईल जात असतील आणि चोरीची नोंद दोनचीच असेल, तर तिथं साध्या वेशातला माणूस उभा करायला वरचा साहेब कशाला सांगेल? सरकार गाड्या घेतं, कॅमेरे लावतं, पथकं काढतं, ते सगळं कुठं पाठवायचं हे या नोंदींवरून ठरतं. अंमलदाराची बाजू पण खरी आहे म्हणा, एक गुन्हा म्हणजे त्याला किती कागद, आणि स्टाफ अर्धा बंदोबस्तात.

फोन गेल्यावर अजून काय करायचं?

सिम ब्लॉक करा, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआर (हरवलेले-चोरलेले फोन ब्लॉक करायची सोय) मध्ये आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून फोन ब्लॉक करा. ही सोय देशभर मे २०२३ पासून आहे. पोलिसांच्या कागदाची कॉपी लागते, बिल असलं तर तेपण जोडा. आयएमईआय बॉक्सवर असतो, बॉक्स फेकून देऊ नका. त्या फोनमध्ये कोणी नवं सिम टाकलं की माहिती मिळते, पोलीस अधूनमधून शंभर-दोनशे फोन परत देण्याचा कार्यक्रम करतात ते याच्याच जोरावर.

गुन्हा घडला एका हद्दीत, मी राहते दुसरीकडं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवतात, मग?

पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले, त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठंही घडलेला असू दे, कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. याला झीरो एफआयआर म्हणतात, तिथं शून्य नंबरनं घेतात आणि मग योग्य ठाण्याला पाठवतात. आधीपण घेत होते पण आता कायद्यातच आहे, त्यामुळे कलम नंबर तोंडपाठ ठेवा. नुसतं "१७३" म्हटलं तरी समोरचा जरा सरळ बसतो.

ऑनलाइन तक्रार केली तर एफआयआर झाला का?

नाही, लगेच नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, तेव्हा ती रेकॉर्डवर येते. आमच्या इथं एकानं सायकल चोरीची तक्रार पोर्टलवर टाकली आणि महिनाभर एफआयआर नंबरची वाट बघत बसला, सही करायला गेलाच नव्हता.

सरळ सरळ नाहीच म्हणाले तर?

भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) माहिती असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्येच सांगितलंय. फक्त नवीन कायद्यात एक पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा आहे, तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. त्यामुळे "चौकशी चालू आहे" असं उत्तर आलं तर कधीपासून आणि कुणाच्या परवानगीनं, एवढं विचारा. तरी हलले नाहीत तर तोच अर्ज पोस्टानं एसपींना, शहरात असाल तर डीसीपींना. त्यानंतर मॅजिस्ट्रेट, तिथं ॲफिडेव्हिट लागतं आणि वकीलपण. पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे.

नोंद घ्यायला उशीर झाला की काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला सगळ्यांनी बघितलं. शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार, आईवडील तासन्‌तास ठाण्यात बसून, आणि मग २० तारखेला अख्खं गाव रेल्वे रुळावर. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा पहिला मुद्दा उशिराचाच होता.

एफआयआर झाल्यावर आपल्याला काय काय मिळायला हवं?

कॉपी, फुकट, तिथल्या तिथं. झेरॉक्स आणायला पैसे मागितले तर देऊ नका. तपासात काय झालं ते ९० दिवसांच्या आत पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, फोनवर किंवा मेसेजवर चालतं. आयओचं (तपास अधिकाऱ्याचं) नाव आणि नंबर त्याच दिवशी लिहून घ्या कारण दोन महिन्यांनी त्यांची बदली झालेली असते आणि नवीन साहेब तुमच्याकडंच विचारतात की काय झालं होतं.

झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता सक्तीचं आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायचंय, त्यासाठीच राज्यात २०२५ मध्ये मोबाईल फॉरेन्सिक व्हॅन फिरायला लागल्या. म्हणून घरफोडी झाली तर कपाट आवरू नका!! आपल्या बायकांना (मी पण त्यातलीच) पाहुणे येणार म्हटल्यावर हात शांत बसत नाहीत, पोलीस येईपर्यंत साड्या घडी घालून परत ठेवलेल्या असतात आणि ठसे गेले सगळे.

पेपरात येतं की महाराष्ट्रात इतके लाख गुन्हे, आपण एवढे वाईट आहोत का?

आकडा बघताना दोन गोष्टी बघा. एक, आपलं राज्य मोठं आहे, त्यामुळे एकूण संख्या नेहमी वरच दिसणार, एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारी केंद्राची संस्था) रिपोर्टात दर लाख लोकसंख्येमागं किती तो रकाना वेगळा असतो, तो बघा. दोन, हे नोंदवलेले गुन्हे असतात, घडलेले नाही. एखाद्या नवीन साहेबानं सगळ्या चोऱ्या चोरी म्हणूनच लिहा असा आदेश काढला की पुढच्या वर्षी आकडा फुगतो आणि बिचाऱ्यावर बातमी येते "साहेबांच्या काळात चोऱ्या वाढल्या". उलट माझ्या त्या अंमलदारासारखे दहा जण असले की कागदावर गुन्हेगारी घटते. सभागृहात दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीचा रकाना वाचून दाखवतात, कुठलंही सरकार असू दे.

तडीपार, एमपीडीए, मोक्का, यात फरक काय?

तडीपारी महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ खाली, कलम ५५, ५६, ५७. शहरात डीसीपी, बाहेर प्रांत साहेब आदेश काढतात, जास्तीत जास्त दोन वर्षं त्या माणसानं जिल्ह्यात पाऊल टाकायचं नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहितीय, तडीपार भाऊ गणपतीत मांडवात दिसतो. दिसला तर कळवा, हद्दीत येणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि तडीपार असताना पकडला ही बातमी तुम्ही आठवड्याला एक वाचताच.

एमपीडीए १९८१ चा, जुने लोक झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात. यात पोलीस आयुक्त किंवा कलेक्टर थेट स्थानबद्ध करतात, एक वर्षापर्यंत, खटला न चालवता. प्रकरण सल्लागार मंडळापुढं जावं लागतं, आणि कागद कच्चे असले की हायकोर्टात आदेश उडतो.

मोक्का १९९९ चा, टोळ्यांसाठी. मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त चार्जशीट असायला लागतात, जामीन फार अवघड. मुंबईतल्या अंडरवर्ल्डसाठी आणलेला कायदा आता गल्लीतल्या पोरांच्या टोळ्यांनापण लागतो.

कोयता गँगचं काय, पोरं अल्पवयीन असतात मग कोणी काही करू शकत नाही का?

पुण्यात २०२२-२३ मध्ये पोरांच्या टोळ्यांनी कोयते घेऊन दहशत माजवायचा हा प्रकार एवढा वाढला की पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांनाच नियम लावले, कोण घेतोय त्याची नोंद ठेवा म्हणून. अठराच्या खालच्या मुलांना बाल न्याय मंडळापुढं नेतात, सोळाच्या वरच्यानं भयंकर गुन्हा केला तर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का ते मंडळ ठरवतं. आरोपींची रस्त्यावर धिंड काढतात त्याला ग्रुपवर खूप टाळ्या पडतात, मला स्वतःला पटत नाही. त्याच पोराचे मित्र त्या धिंडीचीच गाणं लावून रील करतात, उलट प्रमोशन झालं.

दामिनी, निर्भया, भरोसा, ही नावं ऐकतो, नेमकं कुणाला फोन करायचा?

डोकं चाललं नाही तर ११२, बाकी नावं विसरा. दामिनी पथक म्हणजे कॉलेज-बसस्टॉपच्या आसपास फिरणाऱ्या महिला पोलीस. मुंबईत साकीनाक्याच्या २०२१ मधल्या बलात्कार-खुनाच्या घटनेनंतर निर्भया पथकं काढली. भरोसा सेल, नागपूरनं सुरू केलेला, घरातल्या त्रासासाठी, तिथं समुपदेशन आणि कायदेशीर मदत एका छताखाली. १८१ आणि १०९१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, १४५६७ ज्येष्ठांसाठी.

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, ती जिथं राहते तिथं येऊन घ्यायचा (६० वर्षांवरच्या माणसांचं पण तेच). सूर्यास्तानंतर महिलेला अटक नाही, अपवादात्मक केसमध्येच आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीनं, तेही महिला अधिकाऱ्याकडून. आणि शक्ती कायदा (महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षेसाठीचा) लागू झाला का हे विचारू नका आता, विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केला होता पण तो कधी अमलात आला नाही.

सायबर फ्रॉड झाला, पैसे परत येतात का?

किती वेळात फोन केला त्यावर आहे. १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, बँकेच्या कस्टमर केअरच्या आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात उड्या मारतात, जिथं पोचलेत तिथं होल्ड लागला तर वाचतात, एटीएममधून निघाले की संपलं. हातात ठेवा : ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, आपलं खातं.

आमच्या सी विंगमधल्या काकांना व्हिडिओ कॉल आला, पलीकडं युनिफॉर्ममधला माणूस, मागं लोगो, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग सापडलं, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही". काका सहा तास बेडरूममध्ये. काकू दार वाजवतायत तर म्हणे मीटिंग चालूय. रिटायर होऊन नऊ वर्षं झालेला माणूस! तिला तिथंच संशय आला म्हणून वाचले. डिजिटल अरेस्ट अशी गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे "व्हेरिफाय" करून घेत नाहीत. आईवडिलांना हे एकदा नाही, दहादा सांगा.

सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, चालू असले तर. २६/११ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनं कॅमेरे लावायला सांगितलं, आणि मुंबईतल्या रस्त्यांवर सुमारे ५ हजार कॅमेरे बसून पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं. आपल्याला तेवढा वेळ लागत नाही पण आपण लावून विसरतो. आमच्या गेटवरून स्कूटर गेली तेव्हा फुटेजमध्ये चोर दिसला, पण डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनचं) घड्याळ ४० मिनिटं मागं होतं, त्यामुळे पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्याशी ताळमेळ लागेना. घड्याळ महिन्यातून एकदा तपासा. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं ते बघा, बऱ्याच ठिकाणी १५ दिवसांत पुसलं जातं. पोलिसांना फुटेज देताना सोबत सर्टिफिकेट लागतं, नवीन साक्ष कायद्याचं कलम ६३, फॉरमॅट आयओकडून घ्या.

पोलीस ठाण्यातपण कॅमेरे असलेच पाहिजेत, सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा निकाल आहे, फुटेज १८ महिने ठेवायचं, अगदीच नाही जमलं तर निदान वर्षभर.

भाडेकरूची पोलिसात नोंद नाही केली तर?

जिथं आयुक्तांचा आदेश लागू आहे तिथं घरमालकावर गुन्हा होतो. पोर्टलवर ऑनलाइन होतं, वीस मिनिटं. एजंट हजार रुपये घेतात, कशाला द्यायचे.

गावाकडं यातलं काय असतं?

पोलीस पाटील, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातला, तोच गावातला पहिला माणूस. २००७ च्या १५ ऑगस्टला आर. आर. आबा गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आमच्या मामाच्या गावात बांधाचे दोन वाद त्या समितीनं पारावर मिटवले, पाटी अजून वेशीवर आहे, गंजलीय. नंतर जोर ओसरला. आता बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एकानं कॉल केला की सगळ्या गावाचे फोन एकदम वाजतात, बिबट्या आला तरी आणि चोर आले तरी. नंबर ग्रामपंचायतीत विचारा.

पण अफवा पसरवू नका, पाया पडते. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, पुणे जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतात, चोर रेकी करतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. ते भिक्षा मागायला आले होते. सुरुवात व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओनं झाली होती. अनोळखी माणूस दिसला तर ११२, हात लावायचा नाही.

मोहल्ला कमिट्यांनी काही होतं का, का नुसता चहा?

दंगलीच्या बाबतीत तरी झालंय. भिवंडी १९७० आणि १९८४ ला पेटली होती, १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं डीसीपी असताना दोन्ही समाजाची साधी माणसं घेऊन मोहल्ला कमिट्या बनवल्या, पुढारी नाहीत, रिक्षावाले, यंत्रमागवाले, दुकानदार. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली.

जनसुरक्षा कायदा आलाय ना, त्यानं चोऱ्या कमी होतील?

नावामुळे गैरसमज होतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झालेलं ते विधेयक कडव्या डाव्या संघटनांबद्दल आहे, तुमच्या स्कूटरशी त्याचा संबंध नाही. त्यावरून वाद पण बराच आहे, तो ग्रुपवर नको.

अपघातात मदत केली तर आपणच अडकतो का?

नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. उचला आणि दवाखान्यात पोचवा.

चौकीत जाताना सोबत काय न्यायचं?

अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच म्हणून शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. आधारची झेरॉक्स, वस्तूचं बिल. पाण्याची बाटली, कारण वेळ लागतो. शक्यतो कोणीतरी सोबत न्या, आणि सकाळी अकराच्या सुमाराला जा, ड्युटी बदलायच्या वेळी गेलात तर दोघंही म्हणतात दुसऱ्याला सांगा. पेन स्वतःचं न्या, तिथलं दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं असतं आणि बहुतेक वेळा चालत नाही.